सत्तेचाळीस नंबरची जागा

“नाही म्हणजे नाही, कार्मिन! एक थेंबही नाही!”

आग्नेसचा आवाज एवढा चढला, की केळीच्या वाडीत पाट वळवणारा रामू फावडं तसंच धरून उभा राहिला. विहिरीच्या काठाशी पांढऱ्या साडीतली सिस्टर कार्मिन उभी होती. तिच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून चाललं होतं, आणि ती थोरल्या बहिणीच्या तोंडाकडे नुसती पाहत होती... जणू समोरची बाई आपल्या ओळखीची आहे की नाही, हेच तिला ठरवता येत नव्हतं.

ईस्टरचा दुसरा दिवस होता, २००१ सालचा. नालासोपाऱ्यात रेल्वेच्या पलीकडच्या चाळींमध्ये कावीळ पसरली होती. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं, आणि जे यायचं त्याला वास मारायचा. सिस्टर कार्मिन तिथल्या मठाच्या दवाखान्यात नर्स होती. दोन आठवड्यांत तिथली चार माणसं गेली होती, त्यांत एक पोटुशी बाई होती. आणि इकडे, कळंबच्या रस्त्याला लागून असलेल्या या आळीत, उन्हाळ्यातही भरपूर गोडं पाणी देणारी एकच विहीर उरली होती. बाकीच्या काही मचूळ झाल्या होत्या, काहींनी तळ गाठला होता. आळीचं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं तळं, तर मार्चमध्येच आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. ती एकुलती एक विहीर आग्नेसची होती.

“बाय,” कार्मिन हळू आवाजात म्हणाली. आळीत थोरल्या बहिणीला बाय म्हणत, आणि पंचेचाळीसाव्या वर्षीही कार्मिनच्या तोंडून ते लहानपणासारखंच निघे. “रोज एक टँकर फक्त. पाऊस लागेपर्यंत. फार तर सहा आठवडे.”

“आणि माझी केळी? ती सहा आठवडे तुझ्या प्रार्थनेवर पोसू?”

“मी माझ्यासाठी मागत नाही ग.”

“तेच तर! तू कधीच तुझ्यासाठी मागत नाहीस. तू देवासाठी मागतेस, गरिबांसाठी मागतेस, आजाऱ्यांसाठी मागतेस... आणि द्यायचं मात्र मी! पुण्य तुझं, पाणी माझं!”

“बाबांनी ही विहीर खणली तेव्हा—”

“बाबांचं मला नको सांगूस. बाबांची शेवटची सहा वर्षं या हातांनी काढली आहेत. आणि शुभवर्तमानही नको सांगूस, ते मी रविवारी फादरांकडून ऐकते!”

कार्मिनने ओले हात पदराला पुसले. अंगणातल्या क्रुसापाशी क्षणभर थांबून तिने मान लववली आणि “येते, बाय” म्हणून ती रस्त्यावर उभ्या असलेल्या, आळीतल्याच पॉलच्या रिक्षाकडे चालू लागली. जाणाऱ्याला ‘ये’ म्हणायची रीत शत्रूच्या घरीही पाळतात. आग्नेसने ती पाळली नाही.

“बाय, टँकर काय लय मोटा नसतो,” रामू केळीच्या आडून बोलला. पूर्वेच्या भातगावातून तो तीस वर्षं या वाडीत कामाला येत होता आणि आपलं मत न विचारता देण्याचा हक्क त्याने केव्हाच मिळवला होता. “पानी हाय तर द्यावा.”

“तू पाट बघ, रामू. केळीला आज दुप्पट पाणी सोड!”

“दुप्पट? केळी काय बुडवायचीत?”

पण आग्नेस घरात निघून गेली होती.

तिच्या रागाला कारण नव्हतं असं नाही. मात्र कारण पाण्यात नव्हतं. ते एका पत्र्याच्या पेटीत होतं, आणि त्या पेटीला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

१९७३ सालची गोष्ट. आग्नेस तेव्हा वीस वर्षांची होती. आईच्या छातीचं दुखणं वाढलं तेव्हा बापाने नवस केला, की ही बरी झाली तर एक मुलगी मी देवाला देईन. त्याला नवस बोलायचीही गरज नव्हती. शाळेच्या सातवीपासून आग्नेसच्या मनात दुसरं काही नव्हतंच! मठातून होकाराचं पत्र आलं, त्यासोबत न्यायच्या वस्तूंची यादी आली : चार पांढऱ्या साड्या, चार परकर, दोन चादरी, सहा हातरुमाल... आणि शेवटी एक ओळ, की मठात सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जातात, तेव्हा प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात तुमचा नंबर लाल दोऱ्याने घालून आणावा. तुमचा नंबर सत्तेचाळीस.

महिनाभर ती ओटीवर बसून ते आकडे घालत होती. चार, सात. चार, सात. सातच्या पोटात ती एक आडवी रेघ घालायची, कारण तिची आई तशी घालायची. कुणी मुलगी लग्नाचा शालू जसा न्याहाळेल तशी ती त्या साध्या पांढऱ्या चादरीचा कोपरा न्याहाळायची. पेटी भरली. निघायला चार दिवस उरले. आणि त्या दिवशी पहाटे आई गेली.

मागे बाप, सतरा वर्षांची कार्मिन आणि सात वर्षांचा भाऊ बर्नार्ड राहिले. कार्मिनला तेव्हा चूलही धड पेटवता येत नव्हती. आग्नेसने कुणी सांगायच्या आत पेटीला कुलूप लावलं आणि स्वयंपाकघरात गेली. पण बाप हट्टी होता. देवाने आपलं ऐकलं नाही म्हणून आपण शब्द मोडायचा नाही, असं तो म्हणाला. तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली कार्मिन पटकन बोलली, “मी जाते.”

एवढंच. मी जाते! जणू कुणी बाजारातून मीठ आणायला सांगितलं होतं! मठाने नावात बदल केला, नंबर तोच ठेवला, आणि आग्नेसची पेटी, आग्नेसच्या साड्या, आग्नेसचे सहा रुमाल घेऊन कार्मिन जीपमध्ये बसली. ती रडली नाही. हात हलवून हसली. ते हसू आग्नेसच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं ते कायमचंच...

तिने घर केलं. बर्नार्डला वाढवलं, शिकवलं, मस्कतला पाठवलं. बापाचं आजारपण काढलं. आणि बाप जाताना? “माझी देवाला दिलेली पोर आली का?” असं तो विचारत राहिला. कार्मिन आली, दोन तास बसली, त्याने तिचा हात धरून प्राण सोडला. सहा वर्षं त्याचं हगणंमुतणं काढणारी आग्नेस पायाशी मलपात्र हातात धरून उभी होती. लोक सांत्वनाला आले तेही कार्मिनच्याच. ‘सिस्टर, बाप भाग्यवान हो तुमचा!’

आळीत, चर्चमध्ये, बाजारात आग्नेसला एकच ओळख होती : सिस्टर कार्मिनची बहीण. वर्षातले दोन महिने तेवढी ती पुसली जायची. उन्हाळ्यात वाडीतली राजेळी केळी पिकत, ती आग्नेस सोलून मांडवावर कडक उन्हात वाळवी, रोज परती, आणि मधासारख्या रंगाची सुकेळी केळीच्या वाळल्या पानात बांधी. तशी सुकेळी वसईत दुसऱ्या कुणाकडे होत नव्हती. त्या दोन महिन्यांत माणसं पार अर्नाळ्याहून दार ठोठावत यायची आणि विचारायची, “आग्नेसबायचं घर हेच का?”

ती विहीर त्या दोन महिन्यांची होती. कार्मिनने मागून मागून नेमकं तेच मागितलं होतं!

त्यातच मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी कार्मिनच्या व्रताला पंचवीस वर्षं होत होती. चर्चच्या कमिटीचे प्लासिडमास्तर चार जणांना घेऊन आले आणि ओटीवर बसून त्यांनी कागद उलगडला.

“आग्नेसबाय, सहाशे माणसांचं जेवण. मंडपवाल्याचे मोठे टोप तुमच्या अंगणात उतरवून ठेवतो, चर्चजवळ जागा नाही. आणि प्रत्येक पाहुण्याला तुमचं एकेक सुकेळं द्यायचं, काय? शेवटी सिस्टरांच्या घरचा प्रसाद!”

“सिस्टरांच्या घरचा,” आग्नेस म्हणाली.

“आणि तुम्ही पहिल्या बाकावर. घरची मंडळी म्हणून.”

“मास्तर, माझ्या नावाचा तुमच्या कागदावर कुठे उल्लेख आहे का हो?”

मास्तरांनी चष्मा पुसला, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “जेवणाच्या खात्यात आहे. टोप ठेवायची जागा म्हणून.”

बाकीचे हसले. आग्नेसही हसली. माणसं गेल्यावर तिने भिंतीवरचा तो फोटो पाहिला : मे १९७६, पहिल्या व्रताचा दिवस. मध्ये पांढऱ्या झग्यात कार्मिन, एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला दहा वर्षांचा बर्नार्ड. फोटोत आग्नेस नव्हती. त्या दिवशी तिने म्हैस व्यायला झाली असल्याचं कारण सांगून घर सोडलं नव्हतं.

रोज संध्याकाळी ती अंगणातल्या क्रुसापुढे रोझरी म्हणे. ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ या क्षमेच्या ओळीपाशी आली, की तिची जीभ एकदम भरभर चालू लागे, जशी माणसं कुत्र्याच्या दारावरून जाताना पाय उचलतात.

पॉलची रिक्षा दिवसाआड दारावरून जायची. तो थांबून बातमी टाकायचा. “बाय, आज आणखी दोन दवाखान्यात नेली... तुझी बहीण स्वतः हंडे उचलते. तिसऱ्या मजल्यावर! मी म्हटलं, सिस्टर, या वयात? तर म्हणते, पॉल, गुडघे देवाने प्रार्थनेलाच दिलेत असं थोडंच आहे!”

“बोलायला पहिल्यापासून हुशार,” आग्नेस म्हणे आणि सूप पाखडू लागे.

बारा दिवसांनी, भर दुपारी, तीच रिक्षा अंगणात आली आणि थेट ओटीला लागली. आत एका तरुण सिस्टरच्या खांद्यावर मान टाकून कार्मिन बसली होती. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

“मी सिस्टर ग्रेसी,” ती तरुण सिस्टर उतरता उतरता सांगू लागली. “कावीळ आहे. डॉक्टर म्हणाले पूर्ण विश्रांती. पण आमच्या मठात खाली दवाखाना, वर आजारी, जिन्यात रांग. ही पडून राहतच नाही! मदर म्हणाल्या, घरी न्या... तुम्हाला चालेल ना?”

आग्नेसने कार्मिनकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा या बहिणीला तिच्याकडून काहीतरी हवं होतं, जे कुणा गरिबासाठी नव्हतं. आपल्या मनात एक कडवट, क्रूर आनंद उमटून गेला हे आग्नेसला स्वतःला कळलं, आणि त्याची तिला लाजही वाटली... पण आनंद उमटला हे खरंच!

“चालायला काय, घर तिचंही आहे,” ती म्हणाली. “पॉल, बघत काय उभा आहेस? धर तिला पलीकडून!”

तिने कार्मिनला स्वतःच्या पलंगावर निजवलं. पेज केली, उसाचा रस गाळून आणला, विहिरीचं पाणी उकळून थंड केलं. कर्तव्यात तिने कधीच कसूर केली नव्हती, आताही केली नाही. फक्त बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कार्मिनचं गाठोडं घेऊन विहिरीवर धुवायला बसली. पहिला परकर पाण्यात बुडवला, आणि कोपऱ्यात तिला लाल दोऱ्याचे आकडे दिसले. सत्तेचाळीस. सातच्या पोटात आडवी रेघ.

तो परकर नवा होता. साडीही नवी होती. झग्यावर तोच आकडा, टॉवेलवर तोच, आणि टाका आग्नेसचा नव्हता, पण कुणीतरी आग्नेसच्या टाक्याची बारकाईने नक्कल केली होती, आईची रेघसुद्धा सोडली नव्हती. आग्नेसच्या डोक्यात रक्त चढलं. पेटी नेली, नाव नेलं, बाप नेला... माझी रेघही नेली! तिने तो परकर दगडावर असा आपटला, की रामू म्हणाला, “बाय, कपडा धुतेस का ठार मारतेस?”

गाठोड्याच्या तळाशी एक हातरुमाल होता. जुना, विटलेला, मध्ये विरलेला, चारी कडांना रफू केलेला. त्याच्यावरचा टाका मात्र अस्सल होता. तो तिचा होता, वीस वर्षांच्या आग्नेसचा. सहांतला एक.

ती तो रुमाल हातात घेऊन बसलेली असतानाच सिस्टर ग्रेसी औषधं घेऊन फाटकातून आत आली. तिची नजर रुमालावर गेली आणि ती डोळे मोठे करून म्हणाली, “अय्या! म्हणजे सत्तेचाळीस नंबर तुम्ही?”

“मी कशी? तुमच्या सिस्टरचा नंबर आहे तो.”

“छे! मठात कपड्यांची वही माझ्याकडे असते ना. सिस्टर कार्मिन बावन्न नंबर. व्रत घेतल्यावर प्रत्येकीला नवा नंबर देतात, तिलाही दिला होता. पण ती बावन्न घालतच नाही कपड्यांवर! धोबीण ओरडते, मी ओरडते. मदरनी एकदा विचारलं, तर म्हणाली, सत्तेचाळीस नंबर माझ्या बहिणीचा आहे. ती यायची होती, मी तिची जागा राखून बसले आहे...” सिस्टर ग्रेसी बोलता बोलता थांबली. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

आग्नेस उठली. हातातून पाणी गळत असतानाच ती घरात गेली आणि पलंगापाशी उभी राहिली.

“कार्मिन, ही कसली जागा राखून बसली आहेस तू?”

कार्मिनने पिवळे डोळे उघडले. रुमाल पाहिला. मग ती म्हणाली, “तुला ते आता विचारावंसं वाटलं, बाय?”

“विचारते आहे. सांग.”

“मला कुठे जायचं होतं ग मठात! मला अर्नाळ्याच्या जत्रेत लाल रिबिनी घेऊन हिंडायचं होतं, लग्न करायचं होतं, चार पोरं हवी होती. पण तू पेटीला कुलूप लावलंस ना, तेव्हा मी तुझा चेहरा पाहिला. बाबा तर नवस सोडायला तयार नव्हते. तू गेलीस तर बर्नार्ड उपाशी मरणार. कुणीच गेलं नाही तर तुझी जागा दुसऱ्या कुणाला देणार. म्हटलं, आपण जाऊन बसू. दोन-तीन वर्षं. तोवर मी तिथे स्वयंपाकही शिकेन. बर्नार्ड दहाचा झाला, की मी घरी येईन आणि बायला म्हणेन, जा, तुझी पेटी तशीच आहे.”

“मला का नाही सांगितलंस?” आग्नेसने विचारलं.

“सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस? आणि तिथून पत्रात कसं लिहू? आमची पत्रं मदर वाचायच्या. व्रताच्या दिवशी घरची माणसं येतात, वेदीपुढे जाण्याआधी मुलीला शेवटचं विचारतात, की तू आपखुशीने आलीस का. मी मदरना सांगून ठेवलं होतं, माझ्या बहिणीशी बोलून मग उत्तर देते. सकाळपासून फाटकाकडे बघत उभी होते, बाय! बाबा आले, बर्नार्ड आला...” ती थांबली. “बाबा म्हणाले, म्हैस व्यायली म्हणून तू नाही आलीस.”



“तेव्हा मी समजले. बायचं मन घरात रमलं. बर्नार्ड तिला आईच म्हणतो, तिला आता कशाला उठवू? आणि मी आत गेले. खोटं नाही बोलणार, हळूहळू ती जागा माझीही झाली. देव काही फसवत नाही कुणाला. पण तुझा हेवा वाटायचा ग मला... बर्नार्ड मस्कतहून फोन करतो तो तुला. ताप आला तर हाक मारतो ती तुला. मी सगळ्यांची सिस्टर, आणि कुणाचीच कुणी नाही...”

आग्नेस मटकन पलंगाच्या कडेवर बसली. अठ्ठावीस वर्षं ती जिच्यावर जळत आली, ती तिच्यावर जळत होती! आणि मध्ये उभं होतं काय? बाप नव्हता, नवस नव्हता, देवही नव्हता... तिने स्वतःच मारलेली एक थाप होती.

“कार्मिन,” ती म्हणाली. “म्हैस आदल्या आठवड्यातच व्यायली होती.”

कार्मिनने मान वळवली.

“मी खोटं बोलले. तुला पांढऱ्या झग्यात बघणं माझ्याने झालं नसतं. मी दिवसभर गोठ्यात जाऊन बसले होते... रडत नव्हते ग, जळत होते. माझ्याच हाताने मी माझं दार लावून घेतलं, आणि पंचवीस वर्षं तुला चोर म्हणत राहिले... क्षमा कर मला! कार्मिन, क्षमा कर!”

ती धाकट्या बहिणीच्या छातीवर डोकं ठेवून हंबरडा फोडून रडली. कार्मिनचे अशक्त हात तिच्या पिकलेल्या केसांवरून फिरत राहिले. दारात औषधं घेऊन उभी असलेली सिस्टर ग्रेसी पाऊल न वाजवता मागे फिरली आणि तिने रामूलाही दंडाला धरून बाहेर नेलं.

रडणं संपलं तेव्हा आग्नेसने डोळे पुसले, रुमाल पिळून कार्मिनच्या कपाळावर ठेवला, आणि ओटीवर येऊन हाक मारली, “रामू! पाट बंद कर. पंपाचा पाइप रस्त्याकडे घे.”

“आनि केळी? लोंगर आता कुठं भरतोय. आठ दिवसांत माना टाकतील, बाय.”

“टाकू देत. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात, ते पुन्हा लावता येतात.” मग तिला अंगणात उलटे घालून ठेवलेले मंडपवाल्याचे टोप दिसले. सहाशे माणसांच्या जेवणाचे.  “आणि हे चुलाणावर चढव. नुसतं पाणी देऊन भागायचं नाही, उकळलेलं द्यायचं.”

त्या संध्याकाळी रोझरीला जमलेल्या बायकांना तिने सांगितलं. सांगताना स्वतःचं काही झाकलं नाही. तेरा दिवसांपूर्वी बहीण पाणी मागायला आली होती, मी हाकलून दिली, हेही सांगितलं.  मग शेजारची रोझाबाय म्हणाली, “माझी विहीर मचूळ आहे, पण माझ्याकडे सरपण आहे.” दुसरी म्हणाली, “माझे दोन पोरगे टँकरवर चढतील.” त्या दिवशी क्षमेच्या ओळीपाशी आग्नेसची जीभ अडखळली. तिने ती ओळ सावकाश म्हटली. बाकीच्या बायकांना तिच्यासाठी थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात पाच चुलाणं पेटली. टँकर एक होता, चौथ्या दिवशी दोन झाले. आग्नेस स्वतः टँकरसोबत चाळीत जाऊ लागली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची एक पोर तिला पाहून ओरडली, “अम्मा, पानीवाली मावशी आली!” आग्नेसने वळून पाहिलं, की कुणाला म्हणते आहे. मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिला गंमत वाटली.

इकडे वाडी वाळत गेली. आधी पानांच्या कडा करपल्या, मग लोंगर तांबडे होऊन लोंबले. संध्याकाळी परत आल्यावर ती केळींच्या ओळींतून एकदा चालून यायची. हात लावायची नाही. एकदा प्लासिडमास्तर येऊन उभे राहिले आणि अवघडून म्हणाले, “यंदा सुकेळी नाहीत तर मग...”

“यंदा सुकेळी नाहीत, मास्तर. टोपही मिळायचे नाहीत. पाहुण्यांना चहा-पाव द्या.”

मास्तरांनी चुलाणांकडे पाहिलं, खिशातून तो कागद काढला आणि जेवणाचं खातं पेन्सिलीने खोडलं. मग कागद घडी घालून म्हणाले, “मी उद्या सकाळी लाकडं फोडायला येतो.”

मेच्या मध्यापर्यंत चाळीतून दवाखान्यात जाणाऱ्यांची रांग ओसरली. कार्मिनच्या डोळ्यांतली हळद उतरली. ती उठून बसू लागली, मग मठात परत गेली, रविवारच्या तयारीसाठी.

त्या रविवारी सकाळी मिस्सा नऊ वाजता होती. आग्नेसने नवी साडी काढून ठेवली होती. पण दुसरा टँकर उशिरा आला, पंप मध्येच बंद पडला, रामूने तो दोनदा उघडून जोडला, आणि ती चर्चच्या पायऱ्यांशी रिक्षातून उतरली तेव्हा प्रवचनही संपत आलं होतं. साडी रोजचीच होती, काठाला चिखल होता, हाताला लाकडाच्या धुराचा वास होता. आत माणूस मावत नव्हता. ती शेवटच्या खांबाआड उभी राहणार, तोच पॉलने मागून ढोसलं. “बाय, इथे काय? तुझी जागा पुढे ठेवली आहे.”

“माझी कुठली जागा?”

“जाऊन तर बघ!”

सहाशे माणसांच्या मधून, चिखलाच्या पायांनी, मान खाली घालून ती चालत गेली. पहिल्या बाकावर कडेला कार्मिन बसली होती, बारीक झालेली, पांढरीशुभ्र. तिच्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी होती. आळीतली माणसं गर्दीच्या मिस्सेला आधी येऊन बाकावर रुमाल टाकून ठेवतात, घरचं कुणी मागून यायचं असलं की. त्या रिकाम्या जागेवर एक जुना, विटलेला, कडांना रफू केलेला रुमाल पसरून ठेवला होता. त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने सत्तेचाळीस आकडा घातलेला होता. सातच्या पोटात आडवी रेघ.

आग्नेसचे पाय थबकले. तिचे डोळे भरून आले.

कार्मिनने मान वळवली, तिच्या साडीच्या काठाकडे पाहिलं आणि ओठ न हलवता, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, “उशीर झाला ग? म्हैस व्यायली वाटतं?”

“नाही,” आग्नेस म्हणाली. तिने तो रुमाल उचलला, त्यानेच डोळे पुसले आणि बहिणीच्या शेजारी बसली. “आज तिला थांबायला सांगून आले.”